खालटोलीच्या बाटलीतला निळा उजेड

बाटली बदलली आहे, हे रत्नपालनं शाळेच्या खोलीतून बाहेर पडण्याआधीच मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणी बदलली आणि कधी, एवढंच शोधायचं बाकी होतं.

२०१३ सालचा मे महिना. भिवरी हे गाव दवनीवाड्यापासून सायकलनं अर्ध्या तासावर. गावात सहा हातपंप, आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक म्हणून सहाही रत्नपालच्या अंगावर. ब्लिचिंग पावडर आणायची, वॉशर गेलं की मिस्त्रीला फोन करायचा, नमुने भरून गोंदियाच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. त्या वर्षी वरून पत्र आलं. टाकीसकट नवी बोअर मंजूर होणार, पण गावाला एकच. प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग पडलेला असल्यानं गावानं आपला सगळ्यात वाईट पंप आधी स्वतः ठरवावा आणि फक्त त्याचाच नमुना पाठवावा. यादी शुक्रवारी बंद.

सगळ्यात वाईट पंप कोणता, हे रत्नपालला कोणी सांगायची गरज नव्हती. खालटोली ही त्याची वस्ती, छप्पन्न सालच्या दीक्षेपासूनची बौद्धांची चाळीस घरं आणि एक पंप. टोलीतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. रत्नपालची रिंकू सातवीत होती. ती आता ओठ मिटूनच हसायची. पाण्यात फ्लोराइड आहे, असं रत्नपाल तीन वर्षं सांगत होता. पण सांगणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं.

कागदावर यायची सोय झाली ती प्रफुलमुळं. प्रफुल हा उपसरपंच भैयाजींचा सख्खा पुतण्या, नागपूरला रसायनशास्त्रात संशोधन करणारा. भैयाजींचं घर बांधटोलीत, आणि नवी बोअर बांधटोलीलाही हवी होती. सरपंच वच्छलाबाईंनी प्रफुलला निवाडा करायला बोलावलं तेव्हाच रत्नपालच्या कपाळावर आठी पडली होती. पण प्रफुलनं आणलेली वस्तू त्यानं पाहिली आणि हरकत घेतली नाही.

काचेच्या छोट्या पट्ट्या होत्या, त्यांवर जेलीसारखा पातळ थर. जांभळ्या उजेडाची टॉर्च मारली की थर हिरवट चमकायचा.

"ह्याच्यातले रेणू आपले आपणच रचले जातात," प्रफुलनं शाळेच्या खोलीत गावासमोर सांगितलं होतं. खिडक्यांना पोती लावून भर दुपारी अंधार केलेला. "धानाच्या रोवणीच्या बाया कशा चिखलाच्या बांधीत उतरल्या का कोणी न सांगता रांग धरतात, तसे. एकमेकाले धरून आहेत तवर जाळं राहते, आन् चमकते. फ्लोराइड आला का तो मंधात घुसून त्यायचे हात सोडवते. रांग मोडली, जाळं विस्कटलं, उजेड गेला. जेवढं पानी खराब, तेवढा अंधार जास्त."

"म्हंजे विझलं ते वाईट?" वच्छलाबाईंनी खात्री करून घेतली.

"हो, बाई."

सहा बाटल्या, सहा पट्ट्या. चार पट्ट्या जवळजवळ पहिल्यासारख्याच चमकल्या. बांधटोलीची निम्मी मंदावली. मग खालटोलीची.  पट्टी पाण्यात बुडाली, प्रफुलनं टॉर्च मारली, आणि ती सगळ्यांत जास्त उजळली. प्रफुलनं टॉर्च बंद केली, परत मारली. तोच उजेड.

"खालटोलीचं पानी तं चकाकून राहिलं ना बाप्पा," भैयाजी म्हणाले. "आमीच येतो आता तुमच्याकडं भरायले." लोक हसले. वच्छलाबाईंनी वहीत बांधटोली लिहून घेतलं. तो मंगळवार होता.

प्रफुल मात्र हसला नाही. बाटली हातात घेऊन उभा राहिला आणि मग ती झटकन पिशवीत टाकली. रत्नपालनं तेवढंच पाहिलं. दोषी माणूस बाटली अशी झटकन लपवतो, असं त्याला वाटलं.

घरी येताना त्यानं सगळं परत आठवून पाहिलं. बाटल्या सोमवारी सकाळी भरल्या. झाकणावर कागदाची पट्टी, तिच्यावर त्याची सही. संध्याकाळी प्रफुल त्या घेऊन गेला. रात्रभर बाटल्या कुठं होत्या? भैयाजींच्या घरी. सही जशीच्या तशी होती खरी, पण वाफेवर धरला की कागद सुटतो, हे शाळेतलं पोरही जाणतं. शिवाय हा प्रफुल सोमवारी टोलीत दोन तास फिरला, आणि अल्कानं पुढं केलेला पाण्याचा गडवा त्यानं हातानंच नको म्हणून सारला. पिशवीतली स्वतःची बाटली काढून प्यायला. शिकला नागपूरला, पण घर कोणतं ते विसरला नाही.

"त्याचं काही मले सुधं वाटत नाही," जेवताना तो अल्काला म्हणाला.

अल्का त्याची बायको, बचतगटाची अध्यक्ष, बोलायला कमी नाही. त्या दिवशी ती भाकर मोडत म्हणाली, "पानी तं आपलं चांगलं निघालं ना. मंग काऊन तोंड पाडून बसले?"

"चांगलं निघालं तेच वाईट झालं ना वं. बोअर गेली आपली."

अल्काचा हात थांबला.  रत्नपालला वाटलं, तिलाही भैयाजींचा राग आला असेल.

बुधवारी सकाळी तो बांधटोलीत गेला. प्रफुल ओसरीत बसला होता. समोर खालटोलीची बाटली. भैयाजी आत कुणाशी तरी फोनवर होते.

"काय साहेब," रत्नपाल उभ्याउभ्याच म्हणाला, "रातभर बाटल्या कोठी होत्या?"

"माह्या खोलीत, कुलपात. बसा ना भाऊ."

"किल्ली?"

प्रफुलनं त्याच्याकडं पाहिलं. "म्हंजे तुमाले बी शंका आहे."

'बी' या शब्दानं रत्नपाल चमकला. प्रफुल बाटली घेऊन आतल्या अंधाऱ्या खोलीकडं निघाला. रत्नपाल दारातच थांबला. या घराची ओसरी त्यानं आजवर ओलांडली नव्हती. "या की," प्रफुल म्हणाला, आणि त्याला जावं लागलं.

आत प्रफुलनं टॉर्च बाटलीवर मारली. पट्टी नाही, काही नाही, नुसतं पाणी. आणि ते पाणी निळं उजळलं.

"माहं जेल हिरवट चमकते. हे निळं आहे. पट्टी चमकलीच नसन, पानी चमकलं असन. भूगर्भातलं पानी असं चमकत नाही, भाऊ. ह्याच्यात काहीतरी पडलं आहे. कोनी टाकलं तरी, नाही तं..."

"मंग मंगळवारी काऊन नाही सांगतलं? चार लोकांसमोर?"

"काका बाजूले बसून होते. मले पक्कं मालूम नव्हतं. पुराव्याबिगर बोललो असतो तं तुमच्यावर आलं असतं. सही तुमची आहे."

 म्हणजे हा पोरगा रत्नपालवरच संशय धरून होता. की हा सगळा डाव आहे? आधी बाटलीत काहीतरी घालायचं आणि मग जलसुरक्षकाला अडकवायचं?

"नमुना तुमीच घेतला ना?" प्रफुलनं विचारलं. "थेट पंपावरून?"

"हो," रत्नपाल म्हणाला.

हे खोटं होतं. सोमवारी सकाळी त्यानं पाच पंपांचे नमुने घेतले आणि सहाव्याच्या वेळी दवनीवाड्याहून फोन आला, ब्लिचिंग पावडर आली आहे, लगेच घेऊन जा. खालटोलीची बाटली त्यानं अल्काच्या हातात दिली. परत आल्यावर पट्टी चिकटवली, सही केली, आणि फॉर्मवर लिहिलं: नमुना स्वतः पंपावरून घेतला. दहा वर्षं ज्या पंपाचं पाणी पितो त्याची बाटली बायकोनं भरली काय न् आपण भरली काय, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

"मंग पंपातच पाहा लागन," प्रफुल म्हणाला. "चला."

दोघं चालत खालटोलीत आले. पंपावर ऊन पांढरं पडलेलं, तिथं टॉर्चचा काही उपयोग नव्हता. प्रफुलनं कोरी बाटली काढली, पंप हाणला, चार बादल्या पाणी वाया जाऊ दिलं आणि मग बाटली भरली. पाण्यात गंजाचे बारीक कण तरंगत होते.

"अंधार पाहिजे."

टोलीत भर सकाळी अंधार एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता, धानाची ढोली ठेवलेल्या खोलीत. रत्नपालच्याच घरी. अल्का चुलीपाशी होती. ती उठली आणि सवयीनं गडव्याकडं हात नेला, मग मागं घेतला.

खोलीत शिरल्यावर प्रफुलनं टॉर्च लावली, पण बाटलीवर धरायच्या आधीच त्याचा हात थांबला. ढोलीच्या मागं दोरीवर कपडे वाळत होते. रत्नपालचा सदरा, अल्काची पांढरी साडी, रिंकूचा फ्रॉक. शनिवारी बुद्धजयंती झाली होती, विहारात सगळी टोली पांढऱ्या कपड्यांत होती. जांभळ्या उजेडात ते सगळे कपडे निळे पेटले होते. बाटलीतल्या पाण्याचा होता, तसाच हुबेहूब निळा. प्रफुलनं टॉर्च नव्या बाटलीवर आणली. पाणी काळं.

 दारात अल्का उभी होती.

"वहिनी," प्रफुल हळू म्हणाला, "कपड्याले काय लावता?"

"नीळ. आन् ती पांढरं करायची पावडर, बाजारातली. शेवटच्या पान्यात भाताची पेज घालतो, कडक राह्याले."

"मंग धुवून काढता?"

"पेज लावल्यावर कोन धुते?" अल्का म्हणाली. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. कालपासून मनात ठेवलेलं तिनं सांगून टाकलं. "मी पानी गाळलं. नव्या पांढऱ्या फडक्यातून. जयंतीले पेज लावून काढलं होतं ते, पेटीतलं. घरात तेच सगळ्यात साफ होतं."

"कोनी सांगतलं होतं गाळाले?" रत्नपालचा आवाज चढला.

"कोनी नाही. गंज दिसून राहिला होता बाटलीत. आपल्या टोलीचं पानी नागपूरच्या मशिनीत जाऊन राहिलं, आन् त्याच्यात कचरा? सगळ्या गावासमोर बाटली ठेवनार होते. आपलं पानी कसं असते हे ह्या गावानं आपल्याले कमी सांगतलं का आजवर? म्हनलं, एकडाव तरी साफ दिसू दे."

 वाफेवर धरलेला कागद, भैयाजींच्या घरचं कुलूप, लपवलेली बाटली, दोन दिवसांत रत्नपालनं उभा केलेला सगळा कट या दोरीवर पेज लावून वाळत होता.

प्रफुल पायाकडं पाहत होता. "पेजेसोबत पावडर सुटली पान्यात," तो म्हणाला. "ती चमकते. माही पट्टी इझली बी असन, पन समजली नाही. चूक माही बी आहे. पट्टीच्या आधी नुसतं पानी पाहाले पाहिजे होतं." मग थांबून, "भाऊ, तुमी मघाशी म्हनले, नमुना तुमी घेतला."

"म्हनलं."

"आता फिरून टेस्ट कराची तं लेखी द्या लागन, पहिला नमुना नियमानं घेतला नव्हता म्हनून. कारन लिवा लागते. सही तुमची."

म्हणजे फॉर्मवर खोटं लिहिल्याचं स्वतःच्या हातानं कबूल करायचं, आणि तेही भैयाजी बसलेल्या बैठकीत. जलसुरक्षकाचं काम जाणार हे नक्की. टोलीतला ग्रामपंचायतीत बसणारा तोच एकटा माणूस होता. त्या संध्याकाळी तो पंपाच्या ओट्यावर बसून राहिला. प्रफुल असं लेखी का मागतो, याचाही त्यानं विचार केला. आपल्याला काढून तिथं भैयाजींचा माणूस बसवायला? असेल. पण लेखी दिलं नाही तर शुक्रवारी यादी बांधटोलीच्या नावानं बंद होणार, हे तर नक्कीच होतं. एका बाजूला संशय होता आणि दुसऱ्या बाजूला खात्री. रिंकू कळशी घेऊन आली, पंप हाणू लागली. त्यानं तिला थांबवलं नाही. थांबवून टोलीत दुसरं पाणी कुठलं देणार होता?

गुरुवारी ग्रामपंचायतीत त्यानं कागद वाचून दाखवला. चार ओळी होत्या. अल्काचं नाव त्यानं घातलं नव्हतं, 'घरच्या व्यक्तीनं' असं लिहिलं होतं.

"म्हंजे सही खोटी मारली," भैयाजी म्हणाले.

"हो."

"आन् आता म्हनता, फिरून करा. उद्या आनखी काही निघन. बाई, असं चालन तं आमी बी चार डाव करू मंग."

"घरची व्यक्ती मी आहे," मागच्या बाकावरून अल्का उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "मी गाळलं. भैयाजी, तुमच्या घरी पाहुन्याले पानी देता तं गाळून देता का नाही?"

"देतो ना."

"मंग आमी बी देतो."

वच्छलाबाईंनी वही उघडली. बाईंचं एक होतं, त्या बोलण्यापेक्षा लिहिण्यावर भरवसा ठेवायच्या. "रत्नपालनं लेखी दिलं, ते घेतलं," त्या म्हणाल्या. "जलसुरक्षक पुढल्या महिन्यात दुसरा ठरवू. नमुना आत्ताच घेऊ, सगळ्यायसमोर. आन् भैयाजी, बाटली तुमी भरा. मंग कोनाले शंका राहनार नाही."

भैयाजींनी इकडंतिकडं पाहिलं. पण शंका त्यांनी स्वतःच्याच तोंडानं काढली होती.

अख्खी बैठक चालत खालटोलीत आली. भैयाजींनी धोतराचा सोगा खोचला आणि पंपाचा दांडा धरला. तीन दाब कोरडे गेले. "आनखी हाना, भैयाजी," कुणीतरी म्हणालं, "आमचा पंप जरासा अडेल आहे." चौथ्या दाबाला पाणी आलं. बाटली भरली. त्यात गंजाचे कण होते आणि एक मेलेली मुंगी. अल्का अगदी जवळ उभी होती. मुंगी गोल फिरत वर आली. अल्कानं हात पदरात घट्ट धरून ठेवला.

शाळेची खोली, पोती, अंधार. प्रफुलनं या वेळी आधी टॉर्च नुसत्या पाण्यावर मारली. काही चमकलं नाही. मग पट्टी सगळ्यांना दाखवली, हिरवी, पूर्ण उजळलेली. बांधटोलीच्या बाटलीतल्या शिल्लक पाण्यातही एक बुडवली, ती मंगळवारसारखीच निम्मी मंदावली. मग दुसरी खालटोलीच्या पाण्यात.

हिरवा उजेड कडेकडून खाल्ल्यासारखा आत सरकत गेला. कुणीतरी आकडे मोजत होतं. वीसच्या आत पट्टी विझली. जेलीचा थर पातळ होऊन काचेवरून ओघळला.

"आता टॉर्च लाव ना," भैयाजी म्हणाले.

"लावलेलीच आहे, काका."

वच्छलाबाईंनी बांधटोलीवर रेघ मारली.

नमुना शुक्रवारी गोंदियाला गेला, आणि पावसाळ्याआधी तिथलाही आकडा आला, तो पट्टीच्या बाजूनंच. त्याच आठवड्यात जुन्या पंपाला, पाणी पिऊ नये या खुणेचा, लाल रंग मारला गेला. रंग मारायला रत्नपालच गेला होता, जलसुरक्षक म्हणून ते त्याचं शेवटचं काम. बांधटोलीचं नाव पुढल्या वर्षीच्या यादीसाठी त्यानंच वच्छलाबाईंना सुचवलं. निम्मी विझलेली पट्टी त्यानंही पाहिली होती.

रंगाचं काम चालू असतानाच प्रफुल, नागपूरला जायच्या आधी, पट्ट्यांची नोंद लिहून घ्यायला आला. पंपाच्या ओट्यावर बसला, कपाळ पुसलं. अल्का घरातून गडवा घेऊन आली.

"शाळेजवळच्या पंपाचं आहे," ती म्हणाली. "गाळलं नाही."

"त्या दिवशी टोलीच्या पंपाचं होतं, म्हनूनच पेत नव्हतो, वहिनी. फ्लोराइड असन असं वाटून राहिलं होतं."

"आमाले मंग सांगाचं नव्हतं?"

"तपासल्याबिगर कसं सांगू?"

रत्नपालच्या हातात रंगाचा ब्रश तसाच राहिला. उत्तर बरोबर होतं. पण तयार ठेवलेली उत्तरंही बरोबरच असतात.

प्रफुलनं गडवा घेतला, मान मागं टाकली आणि पाणी वरून धार धरून प्यायला, गडव्याला ओठ न लावता. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. रत्नपाल पाहत होता. भिवरीत सगळेच वरून पितात, तो स्वतःही. त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

अल्कानं रिकामा गडवा घेतला आणि विचारलं, "आनखी देऊ?"

"द्या," प्रफुल म्हणाला.